पणजोबा लढाईतून परत आले, म्हणूनच त्यांचा कागद सापडत नाही

तुम्ही तुमच्या पणजोबांबद्दल विचारलंय. निफाड तालुक्यातलं गाव, पहिल्या महायुद्धात पलटणीत होते, ‘बसऱ्याला’ गेले, तिकडे कैदेत पडले, लढाई संपल्यावर घरी आले आणि १९६१ साली वारले. फोटो नाही. तांबूस रंगाचं एक पदक आहे. तुमची आजी म्हणजे त्यांची सून, आज ८८ वर्षांची. ती सांगते की मामंजींनी ‘तिकडं घोड्याचं मटण खाल्लं नाही, म्हणून नुसती हाडं परत आली’. चुलते म्हणतात, मळ्यातली आठ एकर सरकारनं लढाईबद्दल बक्षीस दिली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर तुम्ही नाव शोधलं, मिळालं नाही, आणि आता इंग्लंडला कुठे अर्ज करायचा ते विचारताय.

मी भूमी अभिलेख खात्यात नोकरी केली, मोडी वाचते, आणि निवृत्तीनंतर गेली बारा-तेरा वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या घरांना पलटणीतले पूर्वज शोधायला मदत करते. त्या अनुभवावरून सांगते, इंग्लंड सध्या बाजूला ठेवा. तुमचं निम्मं काम घरात आहे, उरलेल्यातलं बरंचसं तालुक्याच्या कचेरीत आणि गंगेवर, म्हणजे नाशकात गोदावरीच्या काठी.

तुम्हाला त्या संकेतस्थळावर नाव मिळालं नाही याचं कारण साधं आहे. ती यादी मेलेल्यांची आहे. पहिल्या महायुद्धात १३ लाखांहून जास्त भारतीय गेले, त्यातले सुमारे ७४ हजार मेले. बाकीचे परत आले, आपापल्या गावी गेले, औत धरलं. मेलेल्या शिपायाची नोंद साम्राज्यानं कशीबशी तरी ठेवली. कशीबशी म्हणते, कारण इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीगणिक नुसता आकडा कोरला. नावं वेगळ्या वहीत राहिली. मग जो जिवंत परत आला, त्याची यादी कोण करणार? पंजाबात तशी वही निघाली. लाहोरच्या संग्रहालयात सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची रजिस्टरं सापडली आणि २०२१ पासून ती ऑनलाइन बघता येऊ लागली. पण ती पंजाबची. आपल्या मुंबई इलाख्यासाठी तसं एकगठ्ठा काही माझ्या हाती अजून लागलेलं नाही. त्यामुळे आपल्याकडे परत आलेल्या माणसाचा माग त्याच्या पदकात, जमिनीत, पेन्शनीत आणि घरच्या बायकांच्या आठवणीत काढावा लागतो.

तेव्हा ‘रेकॉर्ड कुठे मिळेल’ याच्या आधी ‘नक्की कोणत्या माणसाचं मागायचं’ हे ठरवा. लष्करात माणूस नाव-गावावरून सापडत नाही, पलटण आणि नंबर यांवरून सापडतो. त्यात एक खोच आहे. त्या काळी प्रत्येक पलटण आपल्या शिपायांना आपलेच नंबर देई, म्हणजे एकच नंबर पाच पलटणींत पाच माणसांचा असू शकतो. म्हणून नुसता नंबर पुरत नाही, दोन्ही जोडीनं लागतात.

हे दोन्ही तुमच्या घरात असण्याची चांगली शक्यता आहे. पदक काढा आणि आधी त्यावर काय चित्र आहे ते मला कळवा. पंख असलेली, हात पसरलेली देवी असेल आणि मागे इंग्रजीत ‘द ग्रेट वॉर फॉर सिव्हिलायझेशन’, १९१४-१९१९ असं असेल, तर ते व्हिक्टरी मेडल. ते ब्राँझचंच असतं. एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असेल, तर ते ब्रिटिश वॉर मेडल. हे लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळे आणि लेबर कोअरसारख्या तुकड्यांतल्या माणसांना ब्राँझचं. म्हणजे तुमचं तांबूस पदक घोडेस्वाराचं निघालं, तर पणजोबा बंदूकवाले शिपाई नसून मजूर तुकडीत असण्याची शक्यता बरीच वाढते. घरच्यांना ते ऐकून कधी कधी वाईट वाटतं. वाटायला नको. त्या मेसोपोटेमियात उन्हानं, कॉलऱ्यानं, उपासमारीनं माणसं मेली, ती खेचरवाला, भिस्ती, हमाल असा भेद न करता मेली.

देवीचं पदक असेल तर बहुधा चांदीचंही एक होतं असं समजा, कारण व्हिक्टरी मेडल ज्याला मिळालं त्याला वॉर मेडल मिळालेलं असतंच. मग ते गेलं कुठे? नाशिक-नगर भागात मला या प्रश्नाचं उत्तर इतक्या घरांत एकच मिळालंय की आता मीच आधी विचारते: बाहत्तरच्या दुष्काळात सोनाराकडे गेलं का? चांदीचं मोडलं, ब्राँझला मोड येत नाही म्हणून ते ट्रंकेत राहिलं. आजीला विचारून बघा.

आता पदकाचा काठ. सगळं तिथे आहे. या पदकांच्या काठावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. अक्षरं बारीक असतात आणि शंभर वर्षांच्या हाताळणीनं, देव्हाऱ्यातल्या घासण्यानं झिजलेली असतात. म्हणून चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही लावू नका. संध्याकाळी खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलची बॅटरी बाजूनं, अगदी तिरपी धरा आणि पदक बोटभर फिरवत आठ-दहा फोटो काढा. तरी वाचता आलं नाही तर पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद काठावर ताणून गुंडाळा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलकी घासा. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसंच. माझ्याकडे चांदवडच्या एका घरून आलेलं पदक डोळ्यांना गुळगुळीत दिसत होतं. पेन्सिलीखाली आधी ‘१’, मग परत ‘१’ आणि मग ‘७’ वर आला. म्हणजे एकशेसतरावी पलटण. त्या घरातला नातू पन्नाशीचा, शिक्षक. त्यानं तो कागदाचा तुकडा तळहातावर घेतला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

पलटणीचे आकडे वाचताना एवढं लक्षात ठेवा की १९२२ साली सगळी नावं बदलली. १०३ ची पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची ट्रेनिंग बटालियन. पदकावर जुना आकडा असेल, घरच्यांच्या तोंडी नवा असू शकतो. ‘जंगी पलटण’ असं कोणी म्हणत असेल तर ती १०३, ‘काली पाँचवी’ म्हणजे १०५. घरात कोणी ‘जमादार’ म्हणत असेल तर तो मोठा हुद्दा समजा. तेव्हाचा जमादार म्हणजे आजचा नायब सुभेदार. आणि महार समाजातल्या घरांसाठी एक वेगळी वाट आहे. १८९० च्या दशकात बंद केलेली त्यांची भरती १९१७ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १११ महार ही पलटण उभी राहिली, ती १९२१ मध्ये मोडली. तुम्ही आडनाव लिहिलेलं नाही, म्हणून हेही सांगून ठेवते.

आता घोड्याच्या मटणाकडे येते, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात मोलाची वाटली ती तीच ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिलीय, पण ती तारीख आणि जागा सांगते. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत गावात जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं मारून मांस वाटायला सुरुवात झाली. बऱ्याच भारतीय शिपायांनी ते घ्यायला महिनोन् महिने नकार दिला. कोणाला धर्म आड येत होता, कोणाला गावी गेल्यावर पंक्तीला कोण बसवेल ही भीती. इकडच्या धर्मगुरूंकडून, पुढाऱ्यांकडून परवानगीचे निरोप मागवले गेले, तरी फारसा उपयोग झाला नाही. एप्रिलमध्ये अंगात उभं राहायचंही बळ उरलं नाही तेव्हा पुष्कळांनी खाल्लं. शेवटी सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. भारतीय शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि त्यातल्या कित्येकांना रास अल ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. ‘बसरा’, ‘कैद’ आणि ‘घोडा’ हे तीन शब्द एका माणसाच्या गोष्टीत एकत्र आले की मी कूतच धरून चालते.

मराठ्यांच्या तीन पलटणी त्या वेढ्यात होत्या: १०३, ११० आणि ११७. शिवाय बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, तुकड्या होत्या आणि मोठ्या संख्येनं बिगर-लढाऊ माणसं. म्हणजे पदकाचा काठ पार झिजलेला निघाला तरी तुमचा शोध तीन-चार ठिकाणांपुरता आवळता येतो. तरीही ही गोष्ट पुरावा नाही, खूण आहे. वेढा फोडायला खालून निघालेल्या फौजेत मराठे होते, इस्पितळांत एकमेकांशेजारी पडून होते, आणि एकाची गोष्ट दुसऱ्याच्या गावी पोहोचायची. जिनिव्हाच्या रेडक्रॉसनं पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांची कार्डं ऑनलाइन खुली केली आहेत, तिथे जरूर बघा. पण तुर्कांच्या कैदेतल्या भारतीय शिपायाचं कार्ड मिळेलच अशी आशा धरू नका. मिळालं नाही म्हणून ते कैदेत नव्हते असंही होत नाही.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण तुम्ही नेमक्या त्याच वळणावर उभे आहात. सिन्नर तालुक्यातल्या एका कुटुंबासाठी शोधताना मला वॉर ग्रेव्ह्जच्या यादीत तेच नाव, तेच आडनाव, जिल्हा नाशिक, मृत्यू १९१७ असं सापडलं. घरचे म्हणत होते की आजोबांचे थोरले भाऊ लढाईवर गेले ते आलेच नाहीत. मी सांगितलं, हेच ते. त्यांनी नावाची तसबीर केली आणि वर्षभर तिला हार घातला. मग जमिनीच्या दुसऱ्याच कामासाठी मी त्या गावची जुनी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलांच्या नोंदी, चाळत होते, तर त्याच भावाची वारस नोंद पुढे आली, १९३१ सालची. म्हणजे तो माणूस लढाईत मेला नव्हता. परत आला होता, वेगळा राहिला होता आणि नंतर वारला होता. १९१७ ला गेलेला शिपाई त्याच गावातल्या दुसऱ्या घराचा निघाला. त्या घरातल्या कोणालाही आपला माणूस बसऱ्याला मेल्याचं ठाऊक नव्हतं. मी दोन्ही घरी जाऊन बसले आणि माझं चुकलं ते सांगितलं. तेव्हापासून तीन गोष्टी जुळल्याशिवाय मी ‘हेच ते’ म्हणत नाही: बापाचं नाव, गाव, आणि ज्या तारखेला तो जिवंत किंवा मृत असल्याचं दुसरा एखादा कागद सांगतो ती तारीख. लष्कराच्या यादीत पुष्कळदा बापाचं नाव नसतंच, म्हणून गावाकडचे कागद लागतात.

नावं शोधताना इंग्रजाच्या कानानं ऐका. गायकवाडचं गायकवार, जाधवचं जादो, पवारचं पोवार झालेलं असतं. तुमचा जिल्हा ‘नासिक’ असेल. तालुका निफाड सुटसुटीत आहे, पण शेजारच्या गावचे असाल तर चांदवडचं ‘चांदोर’ आणि पेठचं ‘पेंट’ असं लिहिलेलं सापडेल.

आता ती आठ एकर. ‘बक्षीस मिळाली’ हे पलटणीतल्या जवळपास प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. कधी खरं असतं, कधी नसतं, आणि हे चुलत्यांना विचारून ठरत नाही, फेरफार बघूनच ठरतं. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर आहे. जमिनींच्या एकत्रीकरणाआधी, म्हणजे विखुरलेले तुकडे जोडून गट पाडण्याआधी, तिथे सर्व्हे नंबर होता, म्हणून आधी एकत्रीकरणाचा ९(३) चा उतारा काढून जुना नंबर मिळवा. मग जुने हस्तलिखित सातबारे घ्या. त्यांवर गोलात लिहिलेले आकडे असतात, ते फेरफारांचे नंबर. एकेक फेरफार मागे मागे वाचत जा, पणजोबांचं नाव पहिल्यांदा लागलं तिथपर्यंत. ‘आपले अभिलेख’ या सरकारी पोर्टलवर नाशिक जिल्ह्याचे बरेच जुने कागद स्कॅन होऊन आलेत. तिथे नाही मिळाले तर तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करा. जुनी पानं मोडीत असतील, तर न वाचता परत फिरू नका. मोडी वाचणारी माणसं नाशकात आहेत.

त्या फेरफारात जमीन कशी आली ते लिहिलेलं असतं: सरकारनं दिली, खरेदी घेतली, गहाण होती ती सुटली, की वाटणीत आली. मी पाहिलेल्या कागदांत ‘बक्षीस’ म्हणून सांगितलेली जमीन बऱ्याचदा साधी खरेदी निघाली. आणि तेव्हा मला त्या माणसाबद्दल जास्तच आदर वाटला. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. तो जपून ठेवून, कैदेतल्या वर्षांची थकबाकी हातात आल्यावर कोणी सावकाराकडची वडिलांची जमीन सोडवली, कोणी शेजारचा तुकडा घेतला. तुमच्याकडे तसं निघालं तर घरात नाराजी होऊ देऊ नका. आणि जमीन खरंच सरकारी देणगी असेल तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ आहे का तेही बघून ठेवा. विकायची वेळ आली तर त्यासाठी परवानगी लागते, आणि हे अनेकांना व्यवहाराच्या दिवशी कळतं.

बाकीचे गावचे कागद पटकन सांगते. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, यात जन्म-मृत्यू असतात. १९६१ ची मृत्यूची नोंद आणि बापाचं नाव तिथून पक्कं होईल. मुलांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात बापाचा धंदा ‘पेन्शनर’ लिहिलेला मी दोनदा पाहिलाय.

गंगेवर मात्र वेळ काढून जा. रामकुंडावर तुमच्या गावाचे आणि समाजाचे तीर्थोपाध्याय कोण ते विचारा, त्यांच्या वह्यांत तुमच्या घराची नामावळ असेल. पलटणीतून समुद्र ओलांडून आलेला माणूस घरी पंक्तीला बसण्याआधी गंगेवर आलेला असण्याची शक्यता मोठी, आणि १९२०-२१ चा सिंहस्थही लगेच आला होता. मी एका घरासाठी शके १८४१ ची नोंद वाचली. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १९१९-२०. चार भावांची नावं, त्यांच्या मुलांची नावं, आणि एका भावापुढे तीनच शब्द, ‘पलटणीतून आले ते’. खाली त्याची स्वतःची सही, थरथरत्या मोडीत. त्या घरात त्याचा फोटो नव्हता, पत्र नव्हतं. ती सही तेवढी त्याच्या हातची होती. गुरुजींना घाई करू नका, दक्षिणा मोकळ्या हातानं द्या, आणि फोटो काढायच्या आधी विचारा.

इथवर झालं की बेळगावला लिहायचं. शिपायांचे सेवाकागद पलटणींनी इकडे, हिंदुस्थानातच ठेवले. इंग्लंडमध्ये आहेत त्या युद्धदैनंदिन्या, अधिकाऱ्यांची कागदपत्रं आणि ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दप्तर. दैनंदिनीत साहेबाचं नाव असतं, शिपाई मेला तर ‘इतर हुद्दे, ३’ एवढंच. पणजोबांच्या दिवसांत काय चाललं होतं हे समजायला त्या फार उपयोगी आहेत, पणजोबा शोधायला नाहीत. म्हणून त्या शेवटी.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टानं अर्ज करा. नंबर, पदकावर आहे तसंच नाव, जुनी पलटण, गाव-तालुका-जिल्हा, आणि तुमचं नातं दाखवणारी वंशावळ व मृत्यूची नोंद जोडा. पदक सॅपर्सचं निघालं तर खडकीला लिहा. नाशिकरोडला तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस आहे म्हणून लोक आधी तिथे जातात, पण तिथे तोफखान्याचेच कागद असतात. उत्तर बहुधा असं येईल की मुदत संपल्यामुळे कागद नष्ट केले. तिथे थांबू नका. दुसऱ्या पत्रात ‘लाँग रोल’ची नोंद मागा. माणसाची फाइल गेली तरी त्या रजिस्टरातली ओळ कधी कधी शिल्लक असते: भरतीची तारीख, गाव, सुटल्याची तारीख. मिळेलच असं वचन मी देऊ शकत नाही. त्यांना पेन्शन होती की नाही यावर बरंच अवलंबून आहे, कारण थोडी वर्षं नोकरी करून सुटलेल्यांना पेन्शन नसे, आणि पेन्शन नसलेल्याचे कागद आधी जातात.

आणि ते पेन्शनचं तुम्हाला एकच व्यक्ती सांगू शकते. म्हणून हे सगळं नंतर करा, आजीपाशी आधी बसा. ‘कोणत्या रेजिमेंटमध्ये होते’ असं तिला विचारू नका, ते तिला कोणी सांगितलंच नसेल. मामंजी महिन्याच्या कोणत्या दिवशी निफाडला जायचे, पोस्टात की कचेरीत, सोबत कोण असायचं, येताना काय आणायचे ते विचारा. सोबत जाणारा शेजारच्या गावचा म्हातारा हा बहुतेक वेळा त्याच पलटणीतला असतो, आणि त्याच्या घरात कदाचित चांदीचं पदक अजून असेल. कोटाच्या बटणावर काही होतं का, झोपेत ओरडायचे का, कोणत्या भाषेत, आणि खजूर घरात येऊ द्यायचे का, हेही विचारा. मला एका म्हातारीनं सांगितलं होतं की सासरे खजूर बघितला की उठून बाहेर जात.

दुपारचं जेवण झाल्यावर, भांडी उरकल्यावर बसा. फोन उशाशी चालू करून ठेवा. घोड्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावा, आणि या वेळी मध्ये अजिबात बोलू नका.